गुण्या आणि गोविंदा

"गोविंदा, धरलंस का टोक?"

"धरते हो. गुडघे टेकायला तरी द्या माणसाला!"

गोविंदा म्हणजे मीच. लग्नात मामा म्हणाले, "गुण्यागोविंदाने नांदा." तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "गुण्या आहे माझ्याकडे, गोविंदाचं तेवढं बघा." गुण्या म्हणजे कोपरा काटकोनात आहे का ते तपासायचं सुताराचं हत्यार. हशा पिकला आणि मला ते नाव कायमचं चिकटलं.

या माणसाला तिरकं म्हणून खपत नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो, तरी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर हात फिरवून नाक मुरडणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी यांचे डोळे गेले. आता उजेड तेवढा कळतो. तरी लेकीच्या स्वयंपाकघराची खिडकी मीच करणार म्हणून हटून बसले. हाताच्या अंदाजाने कापलं, तासलं, जोडलं. आज सकाळीच मला बजावलं, "चौकट गुण्यात बसली तर ठीक. नाहीतर हत्यारं खाली ठेवली म्हणून समज."

मोठ्या चौकटीला हातातला गुण्या पुरत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी ताणून गाठ मारायची आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरायची. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली, की चारही कोपरे काटकोनात. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसऱ्या टोकाची गाठ माझ्या.

"पुरली का?"

गाठ अलीकडेच राहिली होती. "पुरली" म्हणायला काय जात होतं? जावयाला तर खिळा आणि स्क्रू सारखेच. पण जन्मभर ज्याने तिरकी चौकट कुणाच्या घरात जाऊ दिली नाही, त्याला मी लहान मुलासारखं फसवायचं? नाही जमलं.

"नाही पुरली हो. कमी पडतेय."

त्यांनी दोरी सैल सोडली. संपलं, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले. यांना दिसत नाही ते बरं, असं मनात आलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

"किती? अंगठ्याएवढी की करंगळीएवढी?"

"करंगळी."

"मग रडतेस कशाला? ठोक तुझ्या कोपऱ्यावर. हलक्या हाताने. लाकूड आहे ते, नवरा नाही."

रडता रडता हसले मी. ठोकलं, आधीच्या कोपऱ्यांत दोरी ताणून नवी गाठ मारली, इकडे धरली, पुन्हा ठोकलं.

"पुरली!"

"खरं?"

"तुमची शपथ."

मी हातोडी जागेवर ठेवायला पलीकडे गेले. त्यांनी गुण्या फडक्याने नीट पुसला, दोन्ही बाजूंनी, रोज पुसायचे तसा.

"हा तू सांभाळ आता. शेजाऱ्यांच्या दाराचं काम घ्यायचंय."

आणि मी मघाशी बसले होते त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी तो पुढे केला. मी पाय न वाजवता तिथे जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या हातातून गुण्या घेतला.