बाप्पासाठी नवे शॉकअप

मला सांगा, साठी उलटलेल्या दोन बायका रविवारी सकाळी जुन्या फियाटखाली डोकं घालून बसल्या, तर त्यात लोकांना बघायला एवढं काय मिळतं? ठाकूरद्वारची आमची अख्खी बिल्डिंग गॅलरीत आलेली. हातात चहा, वर फुकटचे सल्ले!

"पद्मजाताई, मेकॅनिक बोलवा की!" दुसऱ्या मजल्यावरून रामदास.

"बोलावला होता. गाडी भंगारात काढा म्हणाला. तुम्ही चहा प्या, गार होतोय."

खरं कारण फक्त सरोजिनीला ठाऊक होतं. ती तळमजल्यावर राहते, माझी जुनी मैत्रीण. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून पुढे काय करायचं ते ती मला सांगत होती.

आमचा गणपती लालबागच्या कारखान्यातून येतो, शाडूचा, आणि येतो तो याच गाडीतून, घरच्या कर्त्याच्या मांडीवर बसून. सासऱ्यांपासूनची रीत. आता गाडी मी चालवते आणि मूर्ती चिंतामणी धरतात, म्हणजे आमचे हे. गेल्या वर्षी भायखळ्याजवळच्या खड्ड्यात गाडी अशी आपटली की बाप्पाचा कान तुटून ह्यांच्या मांडीवर पडला. ह्यांना कंपवात आहे, हात थरथरतात. हे एवढंच म्हणाले, "माझ्या हातून झालं." परत फिरून दुसरी मूर्ती घेतली, तर ती धरायला तयार नाहीत. शेवटी सरोजिनीने धरली. तेव्हापासून हे चारचौघांत चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत. आणि परवा जाहीर केलं, "यंदा तुम्ही दोघी टॅक्सीने आणा. मी घरी थांबतो."

माझं डोकंच फिरलं. हात कसले? खड्डा आला की गाडी पुढून होडीसारखी डुलायची. धक्के झेलणारे शॉकअप मेले होते तिचे! पण हे ह्यांना पटवायचं कसं? आणि खरं सांगू? माझीही शंभर टक्के खात्री नव्हती. पण ऑपेरा हाऊसच्या दुकानातून नवी जोडी घेऊन आले.

मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. बॉनेटमधला शॉकअपचा वरचा नट गंजून बसलेला. तेल सोडलं, पाना लावला, दोन-चार शिव्या घातल्या, तेव्हा कुठे हलला. जुना शॉकअप हातात आला तो तेलाने बरबटलेला. एका बोटाने दाबला तर गपकन आत गेला. जोर म्हणून नाही! नवा उभा धरून दाबला, तर दोघींना अंगाचा भार टाकावा लागला. सरोजिनी म्हणाली, "अगं, हा तर तुझ्यासारखा आहे." मी लक्ष दिलं नाही. नवे दोन्ही बसवले आणि खालचे नट आवळायला घेतले.

"पद्मा! चाक हवेत लटकतंय आणि नट आवळतेस? रबर पिळून फाटेल ना!"

मी वर पाहिलं. गॅलरीत हे उभे होते. मी काही बोलायच्या आत हे वळले, आणि थोड्या वेळाने जिन्यातून खाली आले. वर्षभरात ह्या गाडीकडे फिरकले नव्हते! "उतरव आधी खाली. गाडीचं वजन चाकांवर आलं की मग आवळायचं. बाजूला हो."

मी गाडी खाली उतरवली. हे चाकापाशी पाटावर बसले, आत हात घातला. थरथरणाऱ्या बोटांना नट सापडायला वेळ लागला. मी मधे हात घातला नाही, मला ते किती जड गेलं माझं मला माहीत. पण एकदा पाना नटावर बसला आणि ह्यांनी मूठ आवळली की हात घट्ट! मग जुना शॉकअप उचलला, दाबला. पुन्हा दाबला.

गणपती आणायच्या दिवशी मी विचारलंच नाही. हे आपणहून झब्बा घालून पुढच्या सीटवर येऊन बसले आणि मांडीवर उपरणं पसरलं. सरोजिनी मागे झांजा घेऊन.

भायखळ्याचा खड्डा तिथेच होता, तो कुठे जाणार! झांजा थांबल्या. गाडी खाली गेली, वर आली आणि शांत झाली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ह्यांचे हात थरथरत होते, आणि बाप्पाचे दोन्ही कान जागच्या जागी.

"पद्मा," हे हळूच म्हणाले, "हात नव्हते गं ते."

डोळ्यांतल्या पाण्याने पुढचा रस्ताच दिसेनासा झाला, गाडी कडेला घ्यावी लागली. मागून हॉर्नवर हॉर्न. वाजवा लेको, म्हटलं, आज तुम्हाला सगळं माफ. मांडीवरच्या देवाचे आभार मानले, दुकानदाराचे मानले, सरोजिनीचे मानले. आणि सगळ्यांत जास्त मानले, मी हवेत आवळायला घेतलेल्या, ह्यांना गॅलरीतून खाली आणणाऱ्या त्या नटाचे.