साबण प्यायलेला वाडगा

नाकं मुरडून झाली असतील तर ऐका, मित्रांनो. मी एक जुना मातीचा वाडगा आहे, जन्माने कोरियाचा. रंगाने काळा, बुडाशी जळलेला, काठाचा एक टवका उडालेला. नक्षीबिक्षी काही नाही. पण मला थेट आचेवर ठेवा, तडकलो तर नाव बदलीन! तापायला वेळ लावतो, हे कबूल. एकदा तापलो की मात्र चुलीवरून उतरवल्यावरही माझ्या पोटातलं कालवण रटरटत राहतं. मला हट्टी म्हणतात. म्हणोत बापडे.

भट्टीतून निघालो तेव्हा एका बाईने मला विकत घेतलं. तांदळाच्या धुवणात उकळून उकळून तिने मला पक्कं केलं आणि लेकीच्या नव्या संसारात दिला. ती लेक म्हणजे आमच्या मावशी. नवऱ्याबरोबर त्या परदेशी निघाल्या तेव्हा दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळून त्यांनी मला बरोबर घेतलं. इथे येऊन दोघांनी खानावळ काढली. शिजवायचं मावशींनी, गल्ल्यावर बसायचं काकांनी.

काय दिवस होते ते! सोयाबीन शिजवून, कुटून, महिनोन्महिने मुरवलेला त्वेनजांगचा गोळा मावशी माझ्यात घालायच्या. वर बटाटा, कोवळा भोपळा, टोफू, हिरवी मिरची. घरापासून लांब आलेली माणसं माझ्यावर वाकून फुंकर घालत जेवायची आणि जाताना मावशींना नमस्कार करून जायची. मला वाटायचं, नमस्कार मलाच आहे.

पण शेजारपाजारच्यांना तो वास सोसेना. "कसला हो हा वास?" म्हणत नवी गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरायची. शेवटी काका म्हणाले, "लोकांना गोड आवडतं ना? मग गोड देऊ." झालं! भातावर गोड लाल चटणी, शेवयांवर गोड लाल चटणी, कोंबडीवर तीच. मुरवलेल्या त्वेनजांगची बरणी मागच्या बाल्कनीत गेली आणि मी गल्ल्यावर आलो. ज्याच्या पोटात कालवण रटरटायचं, त्याच्या पोटात दातकोरणी! बोला आता.

असाच दातकोरणी सांभाळत बसलेलो असताना एका दुपारी दोन बायका बॅगा ओढत आत आल्या. एक वयस्कर, खणखणीत आवाजाची. दुसरी तरुण, कोरियन, खाली मान घातलेली. सासू-सून होत्या त्या. काकांनी हौसेने दोन ताटं मांडली. सुनेने एक घास घेतला आणि जेवायच्या काडीच्या टोकाने भात नुसता इकडचा तिकडे करत राहिली.

"हेही नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"चांगलं आहे, आई," सून म्हणाली.

"चांगलं आहे म्हणतेस आणि चिमणीएवढं खातेस. आरशात बघितलंयस का स्वतःला?" मग त्या मावशींकडे वळल्या. "ताई, राग मानू नका. हिची आई गेली. हिला वेळेवर पोचता आलं नाही. माहेरच्या घराला आता कुलूप. तेव्हापासून हिचं अन्नावरचं मनच उडालंय. मुलाने हवापालट म्हणून आम्हा दोघींना पाठवलं. कोरियन पाटी दिसली की मी हिला आत नेते, आणि जिकडे तिकडे हा गोड चिखल! दुधाची तहान ताकावर तरी किती दिवस भागवायची?"

तेवढ्यात सुनेचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने दातकोरणी बाजूला काढून ठेवली आणि मला दोन्ही हातांत धरलं. "माझी आई अशाच वाडग्यात करायची," ती म्हणाली. "समोर ठेवला तरी उकळत असायचा. मी घाई करायचे आणि तोंड पोळून घ्यायचे." खरं सांगतो, मित्रांनो, मला भरून आलं.

"यात करून द्या," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची गाडी आहे ना?" मावशींनी बॅगांकडे बघत विचारलं.

"गाडी गेली तर दुसरी येईल. सून दुसरी कुठून आणू?"

मावशींनी पदर नव्हता म्हणून अ‍ॅप्रनच खोचला आणि बरणी आणायला बाल्कनीत गेल्या. इकडे काकांच्या अंगात उत्साह संचारला. पाहुण्यांपुढे भांडं कसं चकचकीत हवं! त्यांनी मला गरम पाण्यात बुडवलं, भरपूर साबण ओतला आणि खसाखसा घासलं. अहो, मी माती आहे! माझ्या अंगाला बारीक छिद्रं असतात. मी घटाघटा साबण प्यायलो.

मावशी परत आल्या आणि ओरडल्याच. "अहो, काय केलंत हे! मातीच्या भांड्याला कुणी साबण लावतं? आता हा सगळा फेस कालवणात उतरेल."

काकांचा चेहरा पडला. "मग... स्टीलच्या पातेल्यात केलं तर?"

"चालेल," सून हळूच म्हणाली.

"काही चालणार नाही!" सासूबाई कडाडल्या. "चालेल, चालेल म्हणत हाडांचा सापळा झालीस. ताई, हा साबण निघतो की नाही, तेवढं सांगा."

निघतो. पण वेळ लागतो. मावशींनी मला तांदळाच्या धुवणाने भरून आचेवर चढवलं. पाणी उकळलं आणि माझ्या अंगातून पांढरा फेस वर आला. ते पाणी ओतून मला पुन्हा भरलं. पुन्हा फेस. काका मुकाट्याने तांदूळ धुऊन देत होते. सासूबाई बाह्या सरसावून माझ्यासमोर उभ्या, जणू मला दम देत होत्या. दम कशाला द्यायला हवा? मीही पेटलो होतो. म्हटलं, आज थेंबभरही साबण पोटात ठेवणार नाही. बाहेर उन्हं कलली, त्यांची गाडी निघून गेली, कुणी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. अखेर पाणी उकळलं आणि वर एकही बुडबुडा तरंगत राहिला नाही. मावशींनी चमचाभर चाखलं आणि मान डोलावली.

मग माझ्यात त्वेनजांग पडलं. तो वास! शेजाऱ्याने खिडकी आपटली, तेव्हा काकाच ओरडले, "लावा, खुशाल लावा!"

मी टेबलावर रटरटत गेलो. सुनेने फुंकर न घालताच चमचा तोंडात घातला आणि तोंड पोळून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे कुणी विचारलं नाही. मग ती जेवली, मित्रांनो. वाकून, घाम पुसत, बुडाशी चमचा खरवडत जेवली. सासूबाई स्वतःचं ताट विसरून तिच्याकडे बघत होत्या.

रिकामा झालो तेव्हा सुनेने मान वर केली. "आई, गाडी तर गेलीच ना आपली?"

"गेली की."

"मग अजून एक वाडगा मागवू?"

सासूबाईंनी मला उचलून मावशींच्या हातात दिलं. मी अजून चटका देत होतो, पण त्यांना कळलंही नाही.

आता मी पुन्हा रोज आचेवर असतो. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. मातीच्या भांड्याला साबण लावू नका, ते तर आहेच. पण तुमच्या घरात लांबून आलेलं कुणी असेल आणि पानात पडेल ते मुकाट्याने गिळत असेल, तर त्याचं पोट भरलं असं समजू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, तुझी आई काय करायची रे? आणि सांगितलं, की मग ते त्याच्या पुढ्यात येईपर्यंत हटू नका.