दोनदा खाली, मग एंटर

माझं पुस्तक ग्रंथालयात मिळणार नाही. ते संगणकाशेजारी पडलेलं असतं, चहाच्या डागांसकट. गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा कंपनीत बारा जण प्रोग्रॅम लिहायचे आणि ते कसे वापरायचे याची मराठी पुस्तकं मी एकटी लिहायचे. त्याआधी सोळा वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं होतं. त्यामुळे लाल पेन पर्समध्ये आणि राग नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही कायमचे.

माझा नियम एकच. पडद्यावरचा मेनू बदलला, की पुस्तकही त्याच दिवशी बदललं पाहिजे. पण नवं पुस्तक छापायचं नाही, कारण लोक जुन्या पुस्तकात कडेला आपापल्या खुणा करून ठेवतात आणि नवं कोरं आलं की ते कपाटात जातं. म्हणून मी फक्त बदललेल्या ओळींच्या पट्ट्या छापायचे. त्या जुन्या ओळींवर डिंकाने चिकटवायच्या. सीडी आणि पट्ट्या एकाच पाकिटातून जाणार, हा आमच्याकडचा कायदा. मालक ढुंढिराज सर म्हणायचे, "श्यामलाबाई, सॉफ्टवेअरला ठिगळं लावणारी कंपनी आपलीच!" म्हणोत बापडे. पाच वर्षांत आमचं एकही पुस्तक शिळं झालं नव्हतं, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर हा कायदा गौरांगने मोडला. गौरांग आमचा प्रोग्रॅमर, हुशार, आणि टापटिपीचं वेड असलेला. सकाळी चहा पिताना तो सहज म्हणाला, "ताई, हरसूलची सीडी परवा जीपने पाठवून दिली. त्यांना घाई होती."

"आणि पट्ट्या?"

"अहो, फारसं काही बदललं नाही. 'गाव सोडले' फक्त वर घेतलंय, 'डोस'च्या जागी. नावाचं सगळं वर, दवाखान्याचं सगळं खाली. नीटनेटकं दिसतं."

मी कप खाली ठेवला.

हरसूलला एका संस्थेचा दवाखाना होता आणि तिथे लहान बाळांच्या लसींची नोंद आमच्या प्रोग्रॅममध्ये व्हायची. पाड्यांवरची माणसं बाजाराच्या दिवशी खाली येत, म्हणून लसही त्याच दिवशी. नोंद करायच्या भागीबाई. सातवी शिकलेल्या, दवाखान्यातच आरोग्यसेविका. दिवाळी झाली की निम्मी घरं द्राक्षाच्या कामाला गावाबाहेर जात. ती परत येत तेव्हा कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिलाय, ते यादीच सांगायची. 'गाव सोडले', म्हणजे कायमचे गेले, असं एकदा नोंदलं, की नाव यादीतून जायचं. मग त्या बाळाला कोणी हाक मारणार नव्हतं.

आणि त्या दिवशी बाजार होता.

"वाचतील की त्या पडद्यावर," गौरांग म्हणाला. मी कपाटातून पुस्तक काढून पान नऊ त्याच्या नाकासमोर धरलं. मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'खालचा बाण दोनदा दाबा, मग एंटर.' सोपं व्हावं म्हणून मीच लिहिलेलं. या वाक्यावर मी इतकी खूश होते की ते चौकटीत टाकलं होतं. 'डोस' काय, 'गाव सोडले' काय, पुढे उघडणारी खिडकीही सारखीच, फक्त तारीख मागणारी. भागीबाई माझं ऐकून दोनदा खाली जाणार, तारीख घालणार, आणि टोचलेलं प्रत्येक पोर गावाबाहेर काढणार. गौरांगने मेनू हलवला होता खरा, पण त्यांना न वाचता मोजायला मी शिकवलं होतं. फार लाज वाटली.

हरसूलचा फोन लागेना. मी पट्ट्या छापल्या, डिंकाची बाटली घेतली, गौरांगचं बखोट धरलं आणि निघाले. त्र्यंबकपर्यंत एसटी, पुढे जीप. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि ओटा बायकांनी भरला होता. पोरं टाहो फोडत होती. माझ्या मनात एकच हिशेब, आतापर्यंत किती गेली असतील?

"भागीबाई, थांबा! हात लावू नका!" मी दारातूनच ओरडले.

त्यांनी वर पाहिलं. "या बाई. तुमचं पुस्तक चुकलं बघा."

"किती झाली?"

"चाळीस झाली. चुकलं एकच, तेही सुधारलं." त्यांनी आईच्या मांडीवरच्या एका पोराकडे बोट केलं. "हा लहानू. सुई टोचली, नोंद केली. मी दर नोंद झाली की पोराच्या आईला वाचून दाखवते. तिला वाचता येत नाय, पण ऐकता येतं ना! वाचलं तर 'लहानू, गाव सोडले'. त्याची आई म्हणली, आम्ही कुठं चाललो? पोर तर इथं बसून बोंबलतंय!"

ओट्यावरच्या बायका हसल्या.

मी पट्टी काढून त्यांचं पुस्तक उघडलं. पान नऊवर पट्टी लावायला जागाच नव्हती. माझी चौकट निळ्या पेनाने खोडलेली होती आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'मोजू नये. डोस हे अक्षर दिसेल तिथंच थांबावे. झाल्यावर आईला वाचून दाखवावे.'

सोळा वर्षं मी निबंध तपासले, पण इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं कोणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही. पट्ट्या पिशवीत परत टाकल्या. गौरांगला म्हटलं, "उतरवून घे. शब्द न बदलता."

आता पट्ट्यांनी भागणार नव्हतं, पुस्तकच नवं करायला हवं होतं. त्या आवृत्तीत मी प्रत्येक पानावरचं मोजणं काढलं. पहिल्या पानावर भागीबाईंच्या त्या ओळी घातल्या आणि खाली लिहिलं: 'लेखन: श्यामला. तपासणी: भागीबाई, हरसूल.' छापण्याआधी कच्ची प्रत त्यांच्याकडे पाठवायची, त्यांची सही आल्याशिवाय सीडी निघणार नाही, असा नवा कायदा केला. ढुंढिराज सर या वेळी हसले नाहीत.

आठ दिवसांनी प्रत परत आली. वाटलं होतं, नाव पाहून हरखल्या असतील, दोन ओळी गोड लिहिल्या असतील. नावाबद्दल एक अक्षर नव्हतं. पान तेवीसवर मात्र माझं 'खालून दुसरे बटण' लाल शाईने खोडलेलं होतं आणि कडेला लिहिलं होतं:

'बाई, परत मोजायला लावलं. सही नाय देणार.'

ते पान मी सगळ्या ऑफिसभर फिरवून दाखवलं. मग खुर्चीत बसले आणि ओळ पुन्हा लिहिली.