जावयाचा नेम

पतंगवाल्याचं काम म्हटलं तर सोपं होतं. विमान उडवायचं आणि पाडून घ्यायचं. आत कुणी बसलेलं नसे. नारिंगी रंगाचं छोटंसं विमान रुळावरून सुटायचं, हा खाली गळ्यात पेटी अडकवून दोन दांड्यांनी ते फिरवायचा आणि तोफेवरची पोरं त्याच्यावर नेम धरायला शिकायची. हल्ली लोक बिनमाणसाच्या विमानांबद्दल असं बोलतात, जणू ती कालच जन्माला आली. अहो, त्यांच्या कितीतरी पिढ्या नुसता मार खाण्यात गेल्या! त्याच्याही आधी माणूस बसलेलं विमान मागे कापडाची लांब पिशवी ओढत न्यायचं. शिकाऊ गड्याचा नेम तो केवढा. पिशवी राहायची बाजूला आणि गोळ्या विमानापाशी. मग माणूसच काढून टाकला. आता तीच विमानं बॉम्ब घेऊन आघाडीवर येतात, म्हणून तोफवाल्यांना एवढी मागणी.

पतंगवाला हे नाव पोरांनीच ठेवलेलं. बायको गेल्यापासून त्याला कशाचं फारसं काही वाटत नसे. विमान पडलं काय नि चहा गार झाला काय, सारखंच. परीक्षेच्या दिवशी तो विमान नाकासमोर सरळ न्यायचा. पोरं पास, साहेब खूश, सगळे वेळेवर घरी. पास झालेले आघाडीवर जायचे आणि नापास झालेले कोठारात खोकी उचलायचे. गेलेल्यांतले परत किती आले, हे त्याने कधी विचारलं नाही.

लेक आणि जावई त्याच्याच घरी राहत. जावई तोफेवर शिकत होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी लेक भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाबा, त्याला नापास करा."

"त्याला कळलं तर?"

"कळू दे. रागावेल. घरात असला तरच रागावेल ना?"

हे त्याला पटलं. "माझ्यावर सोड," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

परीक्षेला पाच जण होते आणि जावई शेवटचा. एकट्या त्याच्याच वेळी विमान वाकडं नेलं असतं तर ते साहेबांच्या नजरेत आलं असतं, आणि साहेब काही दूधखुळे नव्हते. म्हणून पतंगवाल्याने पहिल्या पोरापासूनच हात मोकळा सोडला. आंघोळीला धरलेलं पोर निसटतं तसं विमान निसटत होतं. डावीकडे जातंय म्हणेपर्यंत खाली, खाली म्हणेपर्यंत सूर्याच्या तोंडावर. पहिला नापास, दुसरा नापास. तिसरा तर तोफ सोडून आभाळाकडे बघतच राहिला. चौथाही नापास.

"आज काय भरलंय तुमच्यात?" साहेबांनी विचारलं.

"वारा आहे, साहेब."

झाडाचं पान हलत नव्हतं. साहेब हसले. "बरंच झालं. आघाडीवर कुठे सरळ येतात ती? आजवर तुम्ही पोरांचे नुसते लाड केलेत."

पतंगवाल्याने मान हलवली. हे वाक्य मनाला लागायला हवं होतं, एवढं त्याला कळलं. लागलं नाही.

मग जावई तोफेवर बसला. पतंगवाल्याने होती नव्हती ती सगळी विद्या पणाला लावली. आयुष्यात असं विमान त्याने उडवलं नव्हतं. एका वळणावर तर त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि त्याच वळणावर विमानाचे तुकडे झाले.

साहेबांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "पाचांत एक! उद्याच निघायचं."

जावई धावत सासऱ्याकडे आला. त्याचा चेहरा फुलला होता. "मामा, वळायच्या आधी तुम्ही नाक जरासं खाली घालता. लग्नाआधी तुमची मर्जी राखायला सुट्टीच्या दिवशी इथे येऊन उभा राहायचो ना, तेव्हाच हेरून ठेवलं होतं. मी काही वळणाऱ्या विमानावर मारलंच नाही. वळून जिथे येणार, तिथे मारलं."

"छान," पतंगवाला म्हणाला.

घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधीच येऊन बसली होती. लेक दारातच उभी होती.

"चौघे नापास झाले म्हणे."

"हो."

"म्हणजे तुम्हाला जमत होतं."

"त्याच्या वेळी तर सगळ्यात वाकडं नेलं गं."

"आणि नेमकं तेवढंच पडलं."

जावई आतून सांगत होता, नाकाचं, वळणाचं, सगळं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "त्याला जायचंच होतं. तो तुमचीच बाजू घेणार."

पतंगवाल्याने चपला काढल्या. खरं ते सांगून झालं होतं, आणि त्याच्यापुढे आणखी काही नव्हतं.

"चार परक्यांचे ठेवलेत, बाबा," ती आवाज न चढवता म्हणाली, "आणि माझा तेवढा पाठवलात."

तो खुर्चीवर बसला. रडू यावं असं त्याला फार वाटलं. आलं नाही. शेजारच्या खोलीत लेक नवऱ्याची पिशवी भरायला लागली. सदरे, मोजे, दाढीचं सामान, वर जाड स्वेटर. चेन काही लागेना. बराच वेळ झटून शेवटी तिने हाक मारली, आणि त्याने जाऊन ती लागेपर्यंत पिशवी गुडघ्याने दाबून धरली.