नऊ शुक्रवारांची अर्चना

१९९४ साली तंजावूरच्या विनुताच्या हृदयाची एक झडप नीट मिटेनाशी झाली. वय पंधरा. सोमवारी मद्रासला ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं, पण घाबरायला तिला सवड कुठली? भेटायला येणारा प्रत्येक जण "कशी आहेस?" म्हणायचा आणि उत्तराआधीच विचारायचा, "मुरलीला बंगळूरला कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणे?" मुरली तिचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. पहिल्या नंबराशिवाय त्याला दुसरं काही जमतच नसे. द्राक्षं विनुतासाठी यायची, कौतुक मुरलीचं व्हायचं, आणि निम्मी द्राक्षंही तोच फस्त करायचा.

तिला धीर एकाच गोष्टीचा. अम्मा दर शुक्रवारी मारियम्मन देवीच्या देवळात तिच्यासाठी अर्चना करायची. नवव्या, शेवटच्या शुक्रवारी विनुता हट्टाने बरोबर गेली. पुजाऱ्यांनी नाव-नक्षत्र विचारलं. अम्माने डोळे मिटून घडाघडा सांगितलं, "मुरली, रोहिणी नक्षत्र, कौशिक गोत्र."

"अम्मा! आजार माझा की अण्णाचा?"

मुरलीच्या परीक्षांसाठी अर्चना करून करून अम्माच्या जिभेला लागलेली सवय ती! पुजारी म्हणाले, आठही शुक्रवार हेच नाव होतं. तरीच त्या आठ आठवड्यांत मुरलीला नोकरी लागली, जुनाट सर्दी पळाली आणि वजन चार किलो वाढलं.

विनुता हसत सुटली, धाप लागेपर्यंत हसली, आणि मग तिला रडूच कोसळलं. "माझें नक्षत्र कोणतें, तें तरी सांग."

अम्माला आठवेना. मागची रांग खोळंबली.

शनिवारभर अम्मा ट्रंका उपसत बसली, कशासाठी ते सांगेना. मुरली मात्र देवळात जाऊन चक्क गोटा करून आला. "फुकटचे आशीर्वाद पचेनात मज," तो म्हणाला. येणारेजाणारे त्या तुळतुळीत डोक्याकडे बघून हादरायचे. "काय झालें रे?"

"विनुताला विचारा," म्हणून तो द्राक्षांकडे वळायचा. मग सगळ्यांना पलंगाशी बसून विनुताचं पूर्ण ऐकून घ्यावं लागायचं.

सोमवारी मद्रासच्या इस्पितळात कारकुनाने पेशंटचं नाव विचारलं. अम्माने डोळे मिटले. विनुताने कान टवकारले.

"विनुता, स्वाती नक्षत्र, कौशिक गोत्र."

"नक्षत्राला फॉर्मात जागा नाही," कारकून म्हणाला.

"मग कोपऱ्यात लिहा."

त्याने लिहिलं. विनुताने अम्माचा हात घट्ट धरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मनसोक्त घाबरली.