अंजनाचे हात

शिकवायला आलेल्या बाईंनी जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलाचा साबण करून दाखवला होता. गेवराईकडच्या त्या गावात जैतून कुठून आणायचं? म्हणून मनकर्णाच्या महिला सहकारी संस्थेनं घाण्यावरचं करडईचं तेल धरलं, त्यात थोडं खोबरेल मिसळलं. महिनाभर सावलीत वाळवलेल्या वडीला फेस बेताचाच यायचा, पण अंगावरून लवकर निघायचा. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या बायांना तेच पसंत पडलं. उन्हानं चरचरणारी कातडी नरम पडायची, टाचांच्या भेगा ठणकायच्या थांबायच्या.

साबण घोटायची अंजना. कॉस्टिक सोड्याचं पाणी तेलात सोडलं, की मिश्रण दाट होईपर्यंत तिचा हात थांबत नसे. त्या हातांवर कोड होतं, मनगटापासून बोटांपर्यंत पांढरंफेक. संस्थेत त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

अंबाजोगाईच्या प्रदर्शनात जागा मिळाली, तेव्हा केशरबाईनं विषय काढला. अंजनाला साबण विकायला बसवू नये, अंगाला लावायची वस्तू, गिऱ्हाईक हात बघूनच मागं फिरेल, असं तिचं म्हणणं. बाकीच्या खाली बघत राहिल्या. मनकर्णा अध्यक्ष, म्हणून अंजनाला हे सांगायचं काम तिच्याकडं आलं.

संध्याकाळी मनकर्णा तिच्या घरी गेली, तेव्हा अंजना सासूचं अंग पुसत होती. साखराबाई अंथरुणाला खिळलेली. तांब्याभर पाणी, ओलं फडकं आणि तोच साबण. म्हातारी डोळे मिटून त्या हातांखाली निवांत पडली होती. मनकर्णा थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग उद्या सकाळच्या गाडीला लवकर ये, एवढंच सांगून परतली.

एसटीत अंजनाला बघून केशरबाई तोंड फिरवून बसली.

प्रदर्शनात दुपारी एक बाई आली. वडीचा वास घेता घेता तिची नजर अंजनाच्या हातांवर थांबली.

"ह्या साबणानं हे जातं का?" तिनं हळूच विचारलं.

केशरबाईनं मागून मनकर्णाला कोपर मारलं. एक 'हो' म्हटलं असतं तर बाईनं पिशवी भरून साबण नेला असता. मनकर्णाचंही मन डळमळलं. पण अंजना आधीच बोलली होती.

"न्हाई जात, बाई. कोड हाय, साबणानं कसं जाईल? कातडी कोरडी पडत न्हाई, एवढंच."

बाई वडी ठेवून निघून गेली. केशरबाई पुटपुटत राहिली.

तासाभरानं तीच बाई परत आली, सोबत लेक. एवढ्या उकाड्यात पोरीनं हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळलेली. बाईनं साबणाचं नावही काढलं नाही. लग्न कसं जमलं, सासरी हातचं खातात का, हेच विचारत राहिली. अंजनानं काही लपवलं नाही. अजून तिच्या हातचं पाणी न घेणारी घरं आहेत, हेही सांगितलं.

"दवाखान्यात दाखवा," ती म्हणाली, "पण पोरीला घरात कोंडू नका."

पोरगी तिच्या हातांकडं एकटक बघत होती. अंजनानं तळवा पुढं केला. पोरीनं एक बोट त्यावरून फिरवलं आणि गळ्याभोवतीची ओढणी सैल केली.

संध्याकाळी निम्म्याहून जास्त माल उरला. आपण आधीच सांगितलं होतं, असं केशरबाई म्हणाली.

"हाय तेवढा परत नेऊ," मनकर्णा म्हणाली. "खोटं बोलून विकायचा न्हाई. आन् पुढच्या बाजारालाबी अंजना येईल."

उरलेल्या साबणाचं गाठोडं जड होतं. एक टोक अंजनानं धरलं. मनकर्णा पैसे मोजत होती, दुसरं धरायला कुणी मोकळं नव्हतं, तेव्हा केशरबाईच वाकली.