दादाचा दुसरा ग्रह

दादाच्या डोक्यात गाठ निघाली आणि त्याच सुमारास त्याला दुसरा ग्रह सापडला. पहिला आम्ही बहीणभावांनी मिळून शोधलेला. दूरच्या एका ताऱ्याचा, गुरूहून कितीतरी मोठा, फोटोत चक्क ठिपका म्हणून दिसणारा. त्याची एक फेरी पुरी व्हायला माणसाचे कैक जन्म लागतील. आम्ही कक्षेचा नखाएवढा तुकडा मोजायचो आणि त्यावरून भांडायचो. त्याच ताऱ्याचा दुसरा मात्र एकट्या दादाचा होता. "हा खरा ठरू दे, मग खुशाल उचला मला," असं तो नर्सलाही ऐकवायचा.

खरा ठरायचा तर तो ताऱ्यासोबत सरकायला हवा होता; मागचा एखादा दूरचा तारा असता, तर जुन्या जागीच राहिला असता. आज नवा फोटो आला. ठिपका जुन्या जागी नव्हता, नव्या जागीही नव्हता.

मी दुर्बिणीवर चिडले, हवेवर चिडले, मग दादाच्या जुन्या फाइली उघडल्या. आमच्यात एक रीत आहे. ताऱ्याचा झगझगाट पुसताना ग्रहच पुसला जात नाही ना, हे बघायला आम्ही फोटोत खोटा ग्रह पेरतो. पहिल्याचाच प्रकाश उचलून दुसरीकडे ठेवायचा, तो सापडला की काढून टाकायचा. दादाने पेरला होता. काढायचा विसरला, आणि पेरल्याचंही विसरला. मला रडूच फुटलं.

दवाखान्यात माझा चेहरा बघूनच वहिनीने ओळखलं. तिने मला दाराबाहेर अडवलं.

"वन्सं, आहे म्हणून सांगा."

"अगं, पण खरं..."

"तुमचं खरं घाला चुलीत! किती दिवस उरलेत त्यांचे?"

मी आत गेले. वहिनी पाणी आणायला गेली.

"सरकला?" दादाने विचारलं.

"सरकला की. ताऱ्याचं बोट धरून."

त्याचे डोळे भरून आले. तिथेच थांबायला हवं होतं, पण माझ्या जिभेला हाड कुठाय! "वातावरणही मिळालं दादा. पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, सगळं पहिल्यासारखं."

"सगळं?"

"हुबेहूब. वर्णपटाची रेघन् रेघ जुळते."

दादाचं हसू विरलं.

"इतके सारखे दोन ग्रह नसतात गं," तो म्हणाला. "आपण सख्खे, तरी बघ. पेरलेला होता ना? मीच?"

मी त्याचा हात धरला.

"माझ्या कसं लक्षात नाही?" तो पुटपुटला. मला तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

बाहेर वहिनीच्या चपला वाजल्या. "मला कळलंय हे हिला सांगू नकोस," दादा घाईने म्हणाला.

वहिनी तांब्या घेऊन आत आली, तोंडभर हसत. "काय, निघाला ना खरा?"

"मग!" दादा म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"